आबांचा चाकू आणि दातांचे डॉक्टर

इंदापूरच्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा प्रेमात पडायचा माझा काही विचार नव्हता. प्रेमात पडायला कुणी आजोबांची दाढ घेऊन जात नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा दत्तोबा, उपरण्यानं गाल बांधून शेजारी बसले होते. डावा गाल असा सुजला होता, की आत एक पेरू ठेवलाय की काय असं वाटावं. बावड्यापासून इंदापूरपर्यंत गाडीत ते एक अक्षर बोलले नव्हते. आबा शेजारी असताना एवढी शांतता मी जन्मापासून ऐकली नव्हती.

"या आबा, इथं बसा," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर अविराज. उंच, जरा वाकून चालणारे, आणि मास्कच्या वर दोन शांत डोळे. बाकी चेहरा झाकलेला, त्यामुळे डोळ्यांवरूनच काय तो अंदाज बांधायचा होता. मी बांधला. बरा निघाला.

त्यांनी आबांच्या तोंडावर मोठा दिवा ओढला, आत पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "आबा, हिरडीत काय टोचलंत?"

आबांचं तोंड उघडं, म्हणून उत्तर मी दिलं. "सुपारीचं खांड अडकलं होतं. त्यांनी ते चाकूनं उकरलं."

"चाकूनं? दाढेत कुणी चाकू घालतं का? कसला चाकू?"

आबांनी तोंड तसंच उघडं ठेवून बंडीच्या खिशात हात घातला आणि चाकू वर धरला. कधीकाळी लाल असलेला, आता विटेच्या रंगाचा. अंगावर पांढरा क्रॉस, टोकाला कडी, कडीत सुतळी.

डॉक्टर थबकले. मग त्यांनी जे केलं, ते मी कधी विसरणार नाही. आबांच्या तोंडात घातलेले हातमोजे टोपलीत टाकले, नवे कोरे घातले आणि मगच त्या चाकूला हात लावला. तेवढ्यानं भागलं नाही... आबांच्या तोंडावरचा दिवा ओढून त्यांनी तो चाकूवर आणला.

"अहो—" मी म्हणाले.

"एक मिनिट. फक्त एकच..." त्यांनी डोळ्यांवर भिंग चढवलं. "स्विस आहे. क्रॉसभोवतीची ही ढाल बघा, आताच्या चाकूंवर अशी नसते. ही कडी! आणि डबा फोडायचं हे पातं जुन्या घडणीचं आहे, पुढं त्यांनी ते बदललं. आबा, तुम्हाला हा कुठं मिळाला?"

"आँ आँ आँ," आबा म्हणाले.

"त्यांना तोंड मिटायची परवानगी आहे का?" मी विचारलं.

"अरे हो! मिटा, मिटा." ते लाजले. मास्क असूनही कळलं, कारण कान लाल झाले होते.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला बघायला आलेल्या कुठल्याच मुलानं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं—असा श्वास रोखून, अशी एकेक गोष्ट ओळखत. आणि हा माणूस बघत होता ते आबांच्या सुपारीच्या चाकूकडे. खरं सांगते, मला त्या चाकूचा हेवा वाटला.

चाकूची कथा आबांनी सूज उतरल्यावर सांगितली. ते तरुण असताना एका कारखान्यात यंत्रं बसवायला एक गोरा साहेब आला होता. आबा त्याच्या हाताखाली होते. साहेबाला रोज आबांच्या डब्यातलं पिठलं लागायचं. जाताना त्यानं खिशातून हा चाकू काढला, आबांच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटवली. "त्याची भाषा मला न्हाय, माजी त्याला न्हाय," आबा म्हणाले, "पन मानूस देवमानूस!"

तेव्हापासून चाकू आबांच्या खिशात. आमची पेरू-डाळिंबाची रोपवाटिका आहे. मी बारामतीला शेतकीची पदवी घेऊन परत आले, तेव्हापासून आम्ही दोघं ती चालवतो. त्या चाकूनं आबा कलमं बांधायची पट्टी कापतात, डाळिंबाच्या खोडातली अळी ओढून काढतात, आणि त्याला मागच्या बाजूला जी पिळदार सळी आहे ना, तिनं टाळाच्या दोरीच्या घट्ट बसलेल्या गाठी सोडवतात. आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला भजन, आणि दारूचा नुसता वास आला तरी रस्ता बदलणार.

दाढेचं काम लांबलं. आबांच्या मते गरजेपेक्षा जास्तच लांबलं. दर वेळी डॉक्टर आधी चाकूची तब्येत बघत आणि मग आबांची. दात घासायच्या बारीक ब्रशनं त्यांनी पात्याच्या मुळाशी साचलेला गंज काढला आणि खाली पुसट अक्षरं निघाली, तेव्हा मला हाक मारून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"दिसतंय? हा ठसा. चाकू कुणाचा, साधारण कुठल्या काळातला, सगळं या एवढ्याशा जागेत असतं. बाकी अंगावर काहीही चढवलेलं असू शकतं, पण मुळाशी बघितलं की कळतं."

"माणसांचं पण असं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

"माणसांचे मी फक्त दात बघतो." मग ते भिंगाकडेच बघत म्हणाले, "तुमचे छान आहेत."

आता हे कौतुक होतं की तपासणी... मला घरी जाईपर्यंत ठरवता आलं नाही.

मग फोनवर निरोप सुरू झाले. 'चाकूच्या पाठीचा एक फोटो पाठवाल का?' मी पाठवला. मुद्दाम तळहातावर ठेवून, बांगड्या दिसतील असा. उत्तर आलं, 'फारच सुंदर!' मी लगेच लिहिलं, 'काय?' बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. शेवटी आलं, 'कमान.'

मी फोन पेरूच्या रोपांत फेकला. मग शोधून काढला, कारण परत टुणकन वाजला होता. 'आणि हिरव्या बांगड्या.'

एका रविवारी त्यांनी मला बारामतीला बोलावलं. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत ते चाकू शोधायला जात. "तुम्हाला ओळखायला शिकवतो," म्हणाले. मी आईला सांगितलं, रोपांच्या पिशव्या आणायच्यात. आई, अनिता तिचं नाव, माझ्या केसातल्या गजऱ्याकडे बघून म्हणाली, "पिशव्या आनायला गजरा लागतो व्हय गं?"

दुकानात कुलपं, किल्ल्या, नळाच्या तोट्या यांचा ढीग होता. त्यात मला लाल रंग दिसला. क्रॉस सुद्धा! मी तो चाकू ओढून काढला आणि विजयी मुद्रेनं त्यांच्यासमोर धरला.

"डोळे मिटा," ते म्हणाले.

"इथं? दुकानात?"

"मिटा तर."

मी मिटले. कानाजवळ खळ्ळ असा पत्र्यासारखा आवाज झाला. "हा तुमचा. आणि आता हा माझ्या खिशातला—" टक्! छोटासा, नेमका, भरलेला आवाज. "पाठीतली कमान, म्हणजे स्प्रिंग, चांगली असली की पातं मिटताना असं वाजतं. नकली चाकूला रंग देता येतो, क्रॉस देता येतो. हा आवाज नाही देता येत."

त्यांचा हात माझ्या कानाशी होता. साबणाचा आणि लवंगेच्या तेलाचा वास येत होता. मला फरक पहिल्यांदाच कळला होता.

"नाही कळलं," मी डोळे मिटूनच म्हणाले. "परत एकदा."

टक्!

"अजून एकदा..."

"पोरी, घ्यायचा का न्हाय चाकू?" दुकानदार ओरडला आणि आम्ही दोघं तोट्यांच्या ढिगावर आदळता आदळता वाचलो.

परत येताना काटेवाडीच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली. काटेवाडी त्यांचं गाव. घरी थोडी शेती, गाई, आणि आई शाळेत शिकवायची. गाडी हलेना. ट्रॉलीतून पडलेलं उसाचं एक कांडं मी उचलून आणलं आणि दातांनी सोलायला घेतला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"तुमचा चाकू द्या मग," मी म्हणाले.

"यानं ऊस? नाही, नाही. हा वापरायचा नाही. मी एकही वापरत नाही. तेल लावून ठेवतो, जसाच्या तसा. एकदा त्याच्यातलं काही तुटलं, बदललं, की संपलं."

"मग आमच्या आबांचा चाकू कुठला म्हणायचा? त्याला नाव काय?"

"तेच तर शोधतोय. जुन्यांना कॅटलॉगात नुसते नंबर असायचे, नावं पुष्कळ नंतर आली. मग आम्ही गोळा करणारे लोक आपसात त्यांना नावं ठेवतो."

"नावं ठेवायला आमच्या बावड्यात चाकू लागत नाही," मी म्हणाले, आणि ते इतके हसले, की पुढची ट्रॉली सुटली तरी आमची गाडी तिथंच.

इकडे घरात पणदऱ्याच्या एका स्थळाची बोलणी चालू झाली होती. शंभूराज नाव मुलाचं. फोटोत तो नव्या ट्रॅक्टरला टेकून उभा होता आणि ट्रॅक्टर जास्त चांगला दिसत होता. आमच्या घरात शेवटचा शब्द आबांचा. आणि आबा एक दिवस आपण होऊन म्हणाले, "डॉक्टर मानूस बरा हाय. हात हलका हाय. जेवायला बोलाव त्येला." मी ते वाक्य दिवसभर चघळलं.

डॉक्टर आले. आईनं पुरणपोळी केली होती. आबा खुशीत ओट्यावर बसले, त्यांनी चाकूची सगळी पाती पंख्यासारखी उघडली आणि एकेकाचं काम विचारायला लागले. परीक्षाच ती. डॉक्टर फडाफडा सांगत होते. हे डबा फोडायचं, हा टोच्या चामड्याला भोक पाडायचा, हा स्क्रू-ड्रायव्हर.

"अन् ही?" आबांनी पिळदार सळी उभी केली. "ही गाठी सोडवायची. बराबर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांच्या मागून हात जोडले, मान हलवली, डोळे मोठे केले. त्यांना ते दिसलं. त्यांनी खरंच प्रयत्न केला.

"गाठी... सुटतात त्यानं. पण ते मुळात... बुचासाठी."

"कसल्या बुचासाठी?"

"बाटलीच्या."

"कसल्या बाटलीच्या? तेलाच्या?"

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. "द्राक्षाच्या रसाच्या."

आबांचा चेहरा उजळला. आमच्याकडे द्राक्षाच्या बागा काय कमी आहेत! मग ते थोडे विचारात पडले. "पन रसाला बूच कशापाई?"

"ठेवायला. जुना व्हायला."

"जुना? अवो, रस ठिवला तर आंबतो की!"

"हो... म्हणजे... तेच."

आबांनी चाकूकडे पाहिलं, मग गळ्यातल्या माळेकडे.

"दारू," ते हळूच म्हणाले. "दारूचं हत्यार. उभा जन्म खिशात घालून कीर्तनाला बसलो मी. ह्याच सळीनं टाळाच्या गाठी..." त्यांनी चाकू जमिनीवर ठेवला, विंचू ठेवावा तसा. "डॉक्टर, कापून टाका ती सळी. आत्ताच्या आत्ता."

आणि इथं डॉक्टरांनी दुसऱ्यांदा घोटाळा केला. "आबा, नको! असा अख्खा चाकू आता कुणाकडं बघायला मिळत नाही. ती काढली तर तो चाकूच राहणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या तुमचा चाकू," आबा उठले. "अन् या तुमी. मला अंघुळ करायचीय."

पुरणपोळी ताटातच राहिली. मी फाटकापर्यंत डॉक्टरांच्या मागं गेले, सोडायला नव्हे, भांडायला.

"थोडं खोटं बोलता आलं नसतं?"

"बोललो की. द्राक्षाचा रस म्हणालो."

"तेवढंच तर खरं होतं! आणि कापतो म्हणायला काय झालं होतं? एवढीशी सळी..."

"स्वरूपा, तुम्हाला कळत नाही—"

"मला सगळं कळतं. तुम्हाला चाकू ओळखता येतात. बाकी काही नाही." आणि मी फाटक लावून घेतलं. आवाज खळ्ळ असाच झाला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फोन वाजला नाही. मीही केला नाही. चाकू आईनं फडक्यात गुंडाळून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवला, कारण आबा त्याला घरात घेईनात. पण दिवसातून कितीतरी वेळा त्यांचा हात खिशात जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. सुपारी विळ्यावर कातरताना अंगठा कापला. कलमाची पट्टी दातानं तोडायला गेले आणि डॉक्टरांनी दुरुस्त केलेली दाढ दुखली. भजनाला गेले तर टाळाची गाठ सुटेना. तशाच ढिल्या दोरीवर वाजवून आले. त्यांचा तो साहेब देवमाणूस होता की नाही, हा प्रश्न त्यांना छळत होता. मी एकदा म्हटलं, "आबा, त्यानं प्रेमानं दिला होता." ते म्हणाले, "त्येच तर. परत तरी कुनाला करू?"

पणदऱ्याची मंडळी येणार असं ठरलं. मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. आईनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढली.

आणि भरदुपारी फाटक वाजलं.

डॉक्टर अविराज. हातात बॅग. दाढी वाढलेली, दवाखान्याच्या चपला तशाच पायात. माझ्याकडे न बघता ते सरळ ओट्याशी गेले आणि आबांच्या पाया पडले.

"आबा, चाकू आणा. मी कापतो."

आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मन कसं काय बदललं?"

"बदललं नाही. अजूनही वाटतं, कापू नये." डॉक्टरांनी बॅगेतून दात कोरायचं बारीक फिरतं मशीन काढलं. "पण चाकू तुमचा आहे. आणि तो तुमच्या खिशात असलेला बरा, माझ्या मतापायी कुठंतरी पडून राहण्यापेक्षा."

मी चाकू आणून दिला. त्यांनी फडकं उलगडलं. सळी उभी केली. मशीन सुरू झालं, गुंईऽऽ करत. याच हातांनी हा माणूस रोज लोकांचे दात उपटतो, हात तसूभर हलत नाही... आणि आता तो हात सळीपाशी जाऊन परत मागं येत होता. त्यांनी डोळे गच्च मिटले. मला ते बघवेना. आई दारात येऊन उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं की रडू, ते माहीत नाही.

"थांबा!" आबा ओरडले.

मशीन थांबलं. आबांनी चाकू त्यांच्या हातातून घेतला आणि सळीवरून अंगठा फिरवला.

"डॉक्टर, मला येक सांगा. ही सळी माज्याकडं आल्यापासनं हिनं येक तरी बाटली उघडली का?"

"नाही, आबा."

"टाळाच्या गाठी सोडवल्या. अळ्या काढल्या. कीर्तनं ऐकली. येकादस्या केल्या. आता मला सांगा, जलम कुठं का झाला आसंना, हितं येऊन हिनं काय केलं?" आबा हळूहळू हसायला लागले. "आरं, ही बी माळकरीनच हाय की! हिला कापून पाप कुनी घ्यायचं?"

त्यांनी टक् करून चाकू मिटला आणि बंडीच्या खिशात टाकला. मग खिशावरून दोनदा हात फिरवला, हरवलेलं वासरू गोठ्यात आल्यावर फिरवतात तसा. डॉक्टर तिथंच ओट्याच्या पायरीवर मटकन बसले. मला वाटलं त्यांना चक्कर आली.

"अनिता, च्या टाक," आबा आत जात म्हणाले. जाता जाता आईला मोठ्यानं, आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलले, "अन् त्या पनदऱ्याच्या लोकांस्नी कळव. आमची दाढ दुखतीया म्हनावं."

अंगणात आम्ही दोघंच उरलो. उन्हात रोपांना नुकतंच पाणी दिलेलं होतं, ओल्या मातीचा गार वास सुटला होता. डॉक्टर उठले, मशीन बॅगेत भरलं, परत काढलं, परत भरलं.

"मी ते... आबांसाठी कापत नव्हतो," ते बॅगेला म्हणाले. "म्हणजे आबांसाठीपण. पण..."

"पण?"

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. आवाज काही बाहेर येईना.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. दवाखान्यात ते जसं म्हणतात, अगदी तसंच म्हणाले, "घाबरू नका. तोंड उघडा. अजून मोठं. हं... आता बोला."

ते हसले. आणि मग इंदापूर-बारामतीत शिकलेली सगळी शुद्ध भाषा सोडून थेट काटेवाडीचा माणूस बोलला—"मला तुझ्यासंगं ऱ्हायचं हाय. चाकू बिकू ऱ्हाऊ दे. मला दुसरं कायबी ओळखाया येत न्हाय, ह्ये खरं हाय. पन तुला ओळखायला शिकायचं हाय. लई येळ लागला तरी चालंल." ते एकदम दचकले. "तुला म्हणालो का मी? तुम्हाला. माफ करा, तुम्हाला—"

"असू दे," मी म्हणाले. "तेच बरोबर आहे."

"म्हणजे... हो?"

आतून कपबशांचा आवाज आला. आई मुद्दाम जास्तच वाजवत होती. मी पायरीवरची त्यांची बॅग उचलली आणि दाराकडे वळले. आजवर मी त्यांना 'या' म्हणत आले होते, पाहुण्याला म्हणतात तसं.

"ये," मी म्हणाले. "चहा गार होईल."